आडनाव काय म्हणालात?

[दृश्य: एका घराची बैठकीची खोली. खुर्चीत बसलेल्या माणसाचे फक्त हात दिसतात.]

शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला माइक लावून झाला होता. समोरचे काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला एकदम मोकळे. पहिली पाळी कितीला सुटायची, कॅन्टीनच्या चहात साखर किती असायची, सगळं रंगवून सांगत होते. मी विचारलं, "काका, जेवायला कोण कुणाच्या शेजारी बसायचं?"

काकांनी खाली पाहिलं. माइकची वायर बोटाभोवती गुंडाळली. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हे बंद करा, मग सांगतो."

आम्ही बंद केलं. त्यानंतर काका जवळजवळ तासभर बोलले. पण ते माझ्याशी बोलले, कॅमेऱ्याशी नाही. म्हणून त्यांचं बोलणं या फिल्ममध्ये येणार नाही.

नाशिकमध्ये जातीवर फिल्म करायला निघालो, तेव्हा वाटलं होतं की माणसं भांडतील, चिडतील. चिडलं कुणीच नाही. चहा दिला, मिसळ खाऊ घातली, आणि प्रश्न आला की आवाज खाली गेला. "आमच्याकडे नाही हो असलं काही." "आता कुठे राहिलंय?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "कशाला विषय काढायचा?"

[दृश्य: पंचवटी, सकाळ. काळाराम मंदिराचं काळ्या पाषाणाचं शिखर, मग बंद दरवाजा.]

याच गावात हा विषय एकदा भर रस्त्यात काढला गेला होता. २ मार्च १९३०. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांची मिरवणूक या मंदिराशी आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ बायका. १९३० साली, नवऱ्याचं नावसुद्धा न उच्चारणाऱ्या घरांतल्या पंचवीस बायका, देवळाच्या दाराशी, सगळ्या गावासमोर. त्यांची आदली रात्र मला नेहमी बघावीशी वाटते. घरी काय बोलणं झालं असेल, मुलांना कुणापाशी ठेवलं असेल.

९ एप्रिलला, रामाच्या रथाच्या मिरवणुकीच्या दिवशी, दगडफेक झाली. पण जी किंमत मोजावी लागली ती नुसती पंचवटीत नाही. सत्याग्रहात कुणाच्या घरचं माणूस गेलं हे आजूबाजूच्या खेड्यांत कळलं, तसे तिथले व्यवहार बंद होऊ लागले. दुकानदार माल देईना, रस्त्याने जाऊ देईनात, मुलांना शाळेतून काढलं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड हा लढा पुढे वर्षानुवर्षं धरून होते. मंदिर उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामाचे दरवाजे सगळ्यांना उघडले ते स्वातंत्र्य जवळ आल्यावर आणि त्यानंतरच्या कायद्यांनी.

शाळेत आम्हाला हे सगळं चार ओळींत शिकवलं. सनावळी पाठ होती. दार कुणी बंद ठेवलं होतं, ती माणसं कोण, त्यांची नातवंडं आज कुठे राहतात, हे वर्गात कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझं आडनाव दाराच्या आतल्या बाजूचं आहे.

[दृश्य: गंगापूर रोड. नव्या इमारती, 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी.]

या फिल्मचा आवाज ज्याने घेतला आहे, तो माझा कॉलेजपासूनचा मित्र. शिक्षण संपल्यावर आम्ही दोघांनी मिळून फ्लॅट शोधला. पहिला फोन त्याने केला. मी शेजारीच होतो, फोन स्पीकरवर. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, बघायला कधी येता हेही ठरलं. मग पलीकडून अगदी गोड आवाजात, "आडनाव काय म्हणालात?" त्याने सांगितलं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग, "अहो, विसरलेच मी सांगायला, माझा भाचा यायचाय राहायला."

भाचा कुणाचाही येऊ शकतो. खरी अडचण इथेच आहे. आडनाव ऐकून नाही म्हणाले, हे तुम्ही सिद्ध कसं करणार? कुणी वाईट शब्द बोललं नाही, कुणी ओरडलं नाही. तासाभराने त्याच नंबरवर मी फोन केला, माझं आडनाव सांगितलं. भाचा येणार नव्हता.

मला वाटलं तो संतापेल. तो म्हणाला, "पुढच्या वेळी तूच बोल." आणि पुढची सहा वर्षं तसंच चाललं. भाडेकरार माझ्या नावावर, दारावरची पाटी माझ्या नावाची. मी मित्राला मदत करतोय अशी माझी समजूत होती. त्याचं नाव त्याच्याच दारावरून पुसायला मी हातभार लावत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

आडनावाच्या शेवटी 'कर' असलं तर थोडी सवलत मिळते, कारण तेवढ्यावरून अंदाज येत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं? नॉनव्हेज खाता का? तुमच्यात लग्न कुठल्या पद्धतीने लावतात? यातला एकही प्रश्न वावगा नाही. चौकशी म्हणून आपण सगळेच विचारतो. आणि हवं ते उत्तर मिळालं की चेहरा उजळतो, "अरे, मग आपल्यातलाच की!"

[दृश्य: विहितगाव, नाशिक रोड. गल्ली, संध्याकाळ.]

ज्या वर्षी सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, १९३० च्या जुलैत, इथे विहितगावात बाबुराव बागुलांचा जन्म झाला. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी ते सुरतेला गेले. खोली मिळावी म्हणून तिथे त्यांना जात लपवावी लागली. १९६३ साली त्यांचा पहिला कथासंग्रह आला, 'जेव्हा मी जात चोरली होती'. चोरली! स्वतःचीच गोष्ट लपवायची आणि तिला चोरी म्हणायचं, हा शब्द ज्याने भोगलंय त्यालाच सुचतो. आमच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं हीच चोरी चालू होती, फक्त चोरीचा माल माझ्या नावावर होता.

आपल्या भाषेतच बोलायची वाट अडवलेली आहे. 'जात काढली' म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. शिवी दिली, अपमान केला. त्यामुळे ज्याला जातीचा चटका बसला तो बोलायला लागला, की समोरचा म्हणतो, "जात तू काढतोयस." सोसणारा एका वाक्यात आरोपी होतो. आणि दुसरं वाक्य, "आम्ही जातपात मानत नाही." भूत मानत नाही म्हणावं तसं. मी मानत नाही, म्हणजे ती नाहीच. माझं भाडं कधी अडलं नाही, माझ्या ताटापाशी कुणी उठून गेलं नाही, तेव्हा न मानणं मला परवडतं.

[दृश्य: मोबाइलचा काळा पडदा.]

२५ मे २०२० ला अमेरिकेत, मिनीॲपोलिसमध्ये, पोलिसाने मानेवर गुडघा दाबून जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला. काही दिवसांनी माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर निषेधाचे काळे चौकोन दिसायला लागले. मीही स्टेटस ठेवलं. वर्णद्वेषाबद्दल आम्ही तावातावाने बोललो आणि ते मनापासून होतं. त्या ग्रुपवर माझा मित्रही होता. तो काही बोलला नाही. नंतर एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "तिकडचं बोलताना तुमच्यापैकी कुणाचा आवाज खाली जात नाही."

२००१ साली दर्बानला वर्णद्वेषाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हाही आपल्या सरकारने हेच धरून ठेवलं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, तो विषय इथे नको. वंश नाही हे खरंच आहे, बाबासाहेबांनीही जातीचा उगम वंशात मानला नव्हता. पण इथे नको तर कुठे, हा प्रश्न तेव्हाही उरला.

मित्राला मी या फिल्मसाठी मुलाखत मागितली होती. म्हणाला, "मी आवाज धरतो. बोलायचं काम या वेळी तुझं." फ्लॅटची गोष्ट सांगायला त्याने परवानगी दिली. नाव घ्यायला नाही.

[दृश्य: स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीच्या गजापाशी ठेवलेला कप.]

तर माझं काम. आमच्या घरी धुण्याभांड्याला मावशी यायच्या. त्यांचा कप वेगळा होता. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो कधी मांडणीवर गेला नाही. चहा झाला की मावशीच तो विसळायच्या आणि खिडकीत पालथा घालायच्या. घरातली बाकीची सगळी भांडीही त्याच घासायच्या. त्यांच्या हातची ताटं आम्हाला चालत होती.

आम्ही कधी त्यावर बोललो नाही. माझी आई प्रेमळ बाई आहे. मावशींच्या मुलीच्या फीचे पैसे तिने भरले, त्या आजारी पडल्या तेव्हा डबा पाठवला. आणि कप वेगळा होता. दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या हातून. हे मला अजून नीट पेलत नाही.

गेल्या महिन्यात आईला म्हटलं, "आई, कपाबद्दल बोलशील?" ती म्हणाली, "कुठला कप?" दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून बाहेरच्या खोलीत येऊन बसली. "लाव तुझा कॅमेरा."

माइक माझ्या मित्राने लावला. आईला त्याचं आडनाव माहीत आहे. हेडफोन घालून तो कोपऱ्यात जमिनीवर बसला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

पहिली चार मिनिटं ती काहीच बोलली नाही. पंख्याचा आवाज येतो, खालून भाजीवाला जातो. ती चार मिनिटं मी कापलेली नाहीत.

[दृश्य: आईचा चेहरा. शांतता.]

मग ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी ठेवला होता तो. त्या गेल्यावर मी काढू शकले असते."