हापूसचा हंगाम आणि गूगलचे पहिले पान

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरीचा एखादा बागायतदार हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला विकता याव्यात म्हणून फेब्रुवारीत संकेतस्थळ सुरू करतो, मे उलटतो, तरी गूगलच्या पहिल्या पानावर त्याचे नाव येत नाही. मग पैसे फुकट गेले असे त्याला वाटू लागते. पैसे फुकट गेलेले नसतात, आरंभच उशिरा झालेला असतो.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, म्हणजे शोधनिकालांत आपले संकेतस्थळ वर यावे म्हणून त्यात केलेल्या सुधारणा. यासंबंधी गूगलने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका चित्रफितीत सांगितले होते की, सुधारणा अमलात आणून त्यांचा लाभ दिसू लागेपर्यंत बहुतेक वेळा ४ महिने ते १ वर्ष लागते. हा काळ जातो कुठे? गूगलबॉट हा संगणकीय वाचक आधी पान शोधून वाचतो, मग त्याची नोंद, म्हणजे इंडेक्सिंग होते, आणि नोंद झाल्यावरच ते पान इतर पानांच्या स्पर्धेत उतरते. पहिल्या दोन पायऱ्या कधी काही दिवसांत, तर कधी काही आठवड्यांत पार पडतात. गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य साधनातून नोंदीची विनंती करता येते. पण तिने क्रमांक वर चढत नाही. खरा वेळ लागतो तो तिसऱ्या पायरीला, कारण क्रमांक ठरवताना इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे, म्हणजे लिंक, हेही गूगल पाहते, आणि इतरांनी आपला दुवा देणे ही गोष्ट घाईने घडवून आणता येत नाही. दुवे विकत घेणे तर गूगलच्या नियमांविरुद्धच आहे.

‘हापूस आंबा’ या दोन शब्दांसाठी मोठमोठे विक्रेते आधीच ठाण मांडून बसलेले असतात. ‘देवगड हापूस पुण्यात घरपोच’ अशा नेमक्या शोधात नवख्याला तुलनेने लवकर जागा मिळते, आणि असे शोधणारा माणूस बहुधा खरेदीच्या तयारीने आलेला असतो.

यशाचे मोजमापही हंगाम ओळखूनच करावे. जूनमध्ये भेटी घटल्या तर त्यात एसईओचा दोष नाही. तेव्हा आंबाच संपलेला असतो. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी राखून ठेवते, त्यामुळे यंदाच्या एप्रिलची गाठ गेल्या एप्रिलशी घालता येते. महिनाभरात पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावे. तशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच सांगते.

तेव्हा येत्या हंगामाची पाने पावसाळ्यातच लिहून प्रसिद्ध करावीत, आणि मोहोर येईपर्यंत त्यांची नोंद झाली आहे की नाही, एवढे पाहत राहावे.