जास्वंदीची छाटणी गड्डा यात्रेनंतर, होळीच्या आत

मंडळी, मघाशी एका ताईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात माळी जमिनीपासून चार-सहा इंच खोड ठेवून जास्वंदीचं सगळं झाड उडवतो. ताईंनी विचारलं, "आम्हीही असंच करायचं का?"

ताई, तसं अजिबात करू नका. ती जास्वंद वेगळी आहे. तिचं नाव हिबिस्कस मोश्यूटोस. पूर्व अमेरिकेतल्या दलदलीत ती वाढते. थंडीत वरचं सगळं वाळतं, जीव मुळात राहतो, म्हणून वाळकी खोडं कापायचीच असतात. नवे कोंबही फार उशिरा दिसतात, कधीकधी मे उजाडतो. झाड गेलं समजून लोक ते उपटून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. थोडा धीर धरला असता तर त्याच झाडाला फूटभर रुंदीची फुलं आली असती!

गणपतीला वाहतो ती आपली लाल जास्वंद बारमाही हिरवी. ती बुडापासून कापली तर पुन्हा फुटेलच असं नाही. मात्र फूल दोघींनाही नव्या फुटीवरच येतं. छाटायचं ते तेवढ्यासाठी.

आपल्या सोलापुरात जानेवारीतली गड्डा यात्रा आटोपली, थंडी ओसरली, की हे काम काढावं आणि होळीच्या आत संपवावं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा छाटलं तर उघडी पडलेली फांदी भाजते, कोवळी फूट करपते. द्राक्षवाले म्हणतील, आमची खरड छाटणी एप्रिलमध्येच असते की! खरंय, पण तुमची वेल जमिनीत आहे, ठिबकवर आहे. गच्चीवरच्या कुंडीतली मुळं दुपारी तापतात, हे विसरू नका.

आता ही फांदी बघा. नखानं साल जरा खरवडली, आत हिरवं दिसलं, म्हणजे जिवंत आहे. तपकिरी निघालं तर हिरवं लागेपर्यंत खाली या. पानाच्या बगलेत, जिथून नवी फूट निघते, तो हा डोळा दिसतोय? झाडाच्या बाहेर तोंड केलेला डोळा निवडा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. आत तोंड असलेल्या डोळ्यावर कापलं तर फांद्या एकमेकींत घुसतात, आणि त्या गर्दीत पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड ठाण मांडते. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढू नका. जाड फांदीच्या कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. डाळिंबवाल्या कुणाकडेही मिळेल. कीड लागलेल्या फांद्या कुंडीशेजारी पडू देऊ नका.

फूट निघाली की शेणखत, थोडं पालाश (पोटॅश) आणि नियमित पाणी. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात झाडाला लोह मिळत नाही असं समजा. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची, फवारणी संध्याकाळी करा.

गणपतीत भरपूर फुलं हवी असतील तर जूनअखेरीस नुसते शेंडे खुडा. फूट येऊन कळी धरायला साधारण दोन महिने लागतात.