चित्राच्या सरळ खाली

वांगणी स्टेशन, रात्रीचे साडेनऊ. खांद्यावर दिसतीये ती ट्यूब म्हणजे आमचा आठ इंची डॉब, म्हणजे आरसा असलेली डॉब्सोनियन दुर्बीण, त्याला लोकलमध्ये उभं करायला जागा मिळवणं हे वेगळंच शास्त्र आहे. शेतात सतरंजी पडली, आरसा थंड व्हायला अर्धा तास, तोवर चहा.

आता वर बघा. एप्रिल महिना, तो ठळक पांढरा तारा म्हणजे चित्रा. बाराच्या सुमारास तिथून सरळ खाली दक्षिणेकडे उतरत यायचं, आपल्याकडून क्षितिजाच्या वर जेमतेम 23 अंशांवर एक पुसट ठिपका लागतो, ओमेगा सेंटॉरी. प्राचीन काळच्या खगोलज्ञ टॉलेमीने हा ताराच समजून यादीत टाकला होता. 1677 मध्ये हॅलीने, तोच धूमकेतूवाला, सेंट हेलेना बेटावरून बघितलं आणि हे प्रकरण साध्या ताऱ्यासारखं नाही अशी नोंद केली.

हा फोटो आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाईल लावून घेतलाय. काळ्या ताटात बारीक रवा सांडावा तसं, मध्ये गच्च आणि कडेला सुटं सुटं. एकेक कण म्हणजे तारा, सगळे मिळून एक कोटीच्या आसपास, आणि अंतर साधारण 17 हजार प्रकाशवर्षं. याला गोलाकार तारकागुच्छ म्हणतात, आपल्या आकाशगंगेत असे दीडशेच्या आसपास आहेत.

हा पुढचा फोटो मात्र हबलचा, म्हणजे अवकाशातल्या दुर्बिणीचा. लालसर टपोरे दिसतायत ते रेड जायंट, फुगलेले म्हातारे तारे. अजून झूम केलं की फिकट निळसर ठिपके, ते श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे. मधे गॅस जवळपास नाहीच, त्यामुळे नवीन तारे जन्माला येत नाहीत. यातले बहुतेक तारे 1200 कोटी वर्षांच्या आसपासचे, तेव्हा विश्वात लोखंडबिखंड फारसं शिजलंच नव्हतं, म्हणून यांच्यात सगळा हायड्रोजन आणि हेलियम, जड मूलद्रव्यं सूर्याच्या मानाने अगदी चिमूटभर. काही मात्र या वयातही निळे तरणेताठे दिसतात, ते शेजाऱ्याचा गॅस ओढून किंवा दोन तारे एकात मिसळून झालेले.

अशाच गुच्छांची अंतरं काढून 1918 च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने सूर्याला आकाशगंगेच्या मध्यावरून उठवून कडेला बसवलं. असो, पुढचा शॉट.

दुसऱ्या रात्री दादरची गच्ची, तीच वेळ, तोच डॉब. वर चित्रा आहे. खाली होर्डिंगचा उजेड, आणि तिथे ट्यूब किती वेळ इकडेतिकडे फिरतीये बघा.