भाताची वाफ आणि एक बंडखोर दिग्दर्शक

श्रोतेहो, नमस्कार.

भात शिजत आला की झाकणाच्या कडेने वाफ निघते आणि तो वास घरभर पसरतो. या वासासाठी वेडापिसा झालेला एक मारेकरी जपानी सिनेमात आहे. सुपारी घेऊन माणसं मारणारा, धंद्यात तिसऱ्या नंबरवर असलेला हा गडी भाताच्या भांड्यावर वाकतो, डोळे मिटतो आणि वाफ छातीत भरून घेतो. सिनेमाचं नाव 'ब्रँडेड टू किल', साल १९६७. दिग्दर्शक सेइजुन सुझुकी. या एका सिनेमाने त्यांची नोकरी घालवली.

निक्कात्सु या जपानी चित्रपट कंपनीत सुझुकी पगारी दिग्दर्शक होते. १९५६ पासून बारा वर्षांत त्यांनी चाळीस सिनेमे केले. पटकथा कंपनी त्यांच्या हातात ठेवायची, नटही कंपनीचेच, आणि शूटिंगला जेमतेम महिनाभर. हे सिनेमे बहुतेक वेळा मुख्य चित्रपटाला जोड म्हणून लावायचे असत. त्याच त्या गुंडांच्या आणि सूडाच्या गोष्टींत सुझुकींनी आपली वाट काढली. १९६३ सालच्या 'कांतो वाँडरर'मध्ये नायक तलवार चालवतो, खोलीच्या कागदी भिंती धडाधड कोसळतात, आणि मागे नुसता लालभडक रंग! त्या लाल रंगाचं कारण कथेत सापडत नाही. माझ्या मते ते शोधूही नये. तो रंग अंगावर येतो, आणि त्या माणसाच्या मनात काय पेटलंय ते तुम्हाला कळून चुकतं.

कंपनी वैतागली. समज दिली, बजेट कापलं. हातात पैसा कमी, तर सुझुकी आणि त्यांचे कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा यांनी सेटच उघडेबोडके केले आणि रंगांवर सगळी भिस्त ठेवली.

एप्रिल १९६८. सुझुकींच्या घरी कंपनीतून फोन आला: या महिन्याचा पगार मिळणार नाही. कंपनीचे अध्यक्ष क्युसाकु होरी यांचं म्हणणं असं, की हा माणूस कुणालाच न समजणारे सिनेमे काढतो. आणि नेमकं याच सुमारास टोकियोत काझुको कावाकिता यांच्या सिने क्लबने सुझुकींच्या सदतीस सिनेमांचा पुनरावलोकन महोत्सव ठरवला होता. होरींनी प्रिंट द्यायला साफ नकार दिला.

श्रोतेहो, मला इथे थांबावंसं वाटतं. माणसाला कामावरून काढणं एकवेळ समजू शकतं. पण त्याने केलेलं काम, जे लोकांनी तिकीट काढून आधीच पाहिलंय, ते पुन्हा पाहायचं नाही? विद्यार्थी, समीक्षक, सहकारी दिग्दर्शक रस्त्यावर उतरले ते या नकारामुळे. सुझुकी कोर्टात गेले. खटला लांबला आणि डिसेंबर १९७१ मध्ये तडजोड झाली. दहा लाख येन मिळाले, मागितले होते त्याच्या कितीतरी कमी. होरींना माफी मागावी लागली. 'ब्रँडेड टू किल' आणि 'फायटिंग एलिजी' हे दोन सिनेमे टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या फिल्म सेंटरला देण्यात आले. मला या सगळ्यात हेच मोलाचं वाटतं.

खटला मिटला, पण इतर कंपन्यांची दारं बंदच राहिली. 'ब्रँडेड टू किल'नंतर दहा वर्षं त्यांना मोठ्या पडद्यासाठी सिनेमा करता आला नाही. पुढे १९८० साली त्यांचा 'त्सिगॉयनरवाइझेन' आला. थिएटरवाले तो लावायला तयार होईनात, तेव्हा निर्माते गेन्जिरो अरातो यांनी घुमटाकार तंबू उभारून त्यातच खेळ लावले. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्यांना ते दृश्य चटकन डोळ्यांसमोर येईल. लोकांनी तंबू गर्दीने भरला, आणि जपानमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचाच गौरव झाला. १९८४ साली इटलीतल्या पेसारोला त्यांच्या सिनेमांचा महोत्सव झाला, पुढे १९९१ मध्ये रॉटरडॅमला. सुझुकी तोवर सदुसष्ट वर्षांचे झाले होते. २०१७ मध्ये ते गेले.

आता तुमच्या जवळपास कुठे त्यांचे सिनेमे लागले तर जरूर जा. सुरुवात 'टोकियो ड्रिफ्टर'पासून करा. पडदा आधी कृष्णधवल दिसेल, काळं-पांढरं इतकं प्रखर की डोळे दिपतील. जरा दम धरा, रंग येतात. गोष्टीचा धागा सुटला तरी सुटू द्या. बर्फातून फिकट निळा सूट घातलेला एक तरुण एकटा चाललाय, त्याच्यावर नजर ठेवा.

नमस्कार.