बँक परकी, कायदा कुणाचा?

(लातूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, औसा-निलंग्याकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं म्युच्युअल फंडात महिन्याला हजार रुपये घालायचं ठरवलं, की त्याच्यापुढे येणाऱ्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो. भारताबाहेर कुठल्या देशाचे कर-रहिवासी आहात का? ज्यानं कधी पासपोर्ट काढला नाही, तो माणूस ‘नाही’वर खूण करतो आणि सही करतो. हा रकाना मुळात अमेरिकेच्या २०१० सालच्या ‘फॅटका’ कायद्यामुळे आला. आमच्या नागरिकांची खाती आम्हाला कळवा, नाहीतर अमेरिकेतून तुम्हाला येणाऱ्या रकमेतले ३० टक्के कापून घेऊ, असं त्या कायद्यानं जगभरच्या वित्तसंस्थांना बजावलं. भारतानं ९ जुलै २०१५ रोजी अमेरिकेशी तसा करार केला आणि रकाना औशापर्यंत पोचला.

परदेशात धंदा करणाऱ्या बँकेला मायदेशाचाही कायदा पाळावा लागतो आणि यजमान देशाचाही. यातला प्रत्येक कायदा आपापल्या ठेवीदाराकडे आणि करदात्याकडे बघून केलेला असतो. दोन्हींच्या मधल्या फटीत कोण सापडतं, ते आपण बघू.

आइसलँडच्या लँड्सबँकी या बँकेनं २००६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘आइससेव्ह’ नावानं ठेवी घ्यायला सुरुवात केली. व्याज चांगलं होतं, लोक धावले. तीन लाखांहून जास्त ब्रिटिश खातेदार झाले. आइसलँडची सगळी लोकसंख्याच त्या वेळी तीन लाखांच्या थोडी वर! ऑक्टोबर २००८ मध्ये बँक कोसळली. ब्रिटनमधली आइससेव्ह ही वेगळी कंपनी नव्हती, नुसती शाखा होती. त्यामुळे तिच्यावर मुख्य देखरेख आइसलँडची, आणि भरपाईची पहिली जबाबदारीही तिथल्याच ठेव-हमी निधीची. त्या निधीत एवढा पैसा कुठून असणार? ब्रिटिश सरकारनं आपल्या खातेदारांचे पैसे खजिन्यातून भागवले, आणि बँकेची मालमत्ता गोठवायला चक्क २००१ चा दहशतवादविरोधी कायदा वापरला. पुढे भांडण चार वर्षांहून जास्त चाललं. आइसलँडच्या जनतेनं दोनदा सार्वमतात परतफेडीचा करार फेटाळला, आणि जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा या आइसलँड, नॉर्वेसारख्या देशांच्या व्यापारसंघाच्या न्यायालयानं त्यांच्याच बाजूनं निकाल दिला. ठेव अडकणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात समजावून सांगावं लागत नाही. पतसंस्थेच्या बंद दारापुढे पासबुक घेऊन उभे असलेले म्हातारे आपण पाहिलेत.

म्हणून २००८ नंतर अनेक देश म्हणू लागले, शाखा नको, आमच्या मातीत नोंदलेली उपकंपनी काढा आणि भांडवल इथंच ठेवा. डॉड-फ्रँक या अमेरिकेच्या वित्तसुधारणा कायद्याखालच्या नियमानुसार, अमेरिकेतल्या उपकंपन्यांमध्ये ५० अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या परकीय बँकांना १ जुलै २०१६ पर्यंत तिथल्या उपकंपन्यांची मालकी ठेवणारी वेगळी धारक कंपनी तिथंच उभारावी लागली. बँकांनी खूप आरडाओरडा केला. मला मात्र अमेरिकेचं म्हणणं पटतं.

आपल्याकडे ही दृष्टी जुनीच आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे परकीय बँकेला भारतातल्या नफ्याचा २० टक्के भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो. ती बँक इथला धंदा बंद करून गेली, तर त्या पैशावर पहिला हक्क भारतात ज्यांचं तिच्याकडे येणं आहे त्यांचा. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं उपकंपनीचा मार्ग आखून दिला, किमान भांडवल ५०० कोटी. सिंगापूरच्या डीबीएस बँकेनं २०१९ मध्ये तो धरला. पुढच्याच वर्षी लक्ष्मी विलास बँक बुडायला आली, तेव्हा ती याच उपकंपनीत विलीन झाली आणि सिंगापूरहून २,५०० कोटी रुपये आले.

आता शेतीकडे येतो. वीस किंवा जास्त शाखा असलेल्या परकीय बँकेला इथल्या बँकेसारखंच ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना, द्यावं लागतं, त्यात १८ टक्के शेतीला. मुंबईत बसलेली बँक आपल्या बांधावर कशी येणार? २०१६ पासून ती प्रमाणपत्र विकत घेऊ शकते. ग्रामीण बँकेनं ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्त कर्ज शेतकऱ्याला दिलं, तर त्या जादा कर्जाचं श्रेय ती बाजारात विकते. कर्ज तिच्याच वहीत राहतं, वसुलीची जोखीमही तिचीच. ग्रामीण बँकेला चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण परकीय बँकेचा पैसा गावात आला असं कुणी म्हणू नये. नियम कागदावर पाळला जातो, शेतकऱ्याची पत मात्र त्या बँकेला कधी कळतच नाही.

शेवटी जालना, वाळूजचे निर्यातदार इथं बसलेत त्यांच्यासाठी. डॉलर सहा महिन्यांनी येणार असेल, तर तुम्ही आजच फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, करून भाव बांधता. बँकांचे आपसातले असे सौदे आपल्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत, म्हणजे दोन्ही बाजूंची हमी घेणाऱ्या मधल्या संस्थेमार्फत, मिटतात. युरोपच्या कायद्यानं म्हटलं, तिच्यावर आमच्या नियामकाचीही देखरेख हवी. रिझर्व्ह बँकेनं साफ नकार दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय नियामकानं तिची मान्यता काढून घेतल्याचं जाहीर केलं. ब्रिटनशीही हाच प्रश्न होता, तिथं डिसेंबर २०२३ मध्ये समझोता झाला. मान्यता नसलेल्या संस्थेतून सौदा केला, की युरोपीय बँकेला भांडवल बरंच जास्त बाजूला काढावं लागतं, आणि तो खर्च ती भावात धरू शकते. तेव्हा फॉरवर्ड करताना एकाच बँकेच्या भावावर सही करू नका. सरकारी बँकेचा भाव त्याच दिवशी, त्याच तासाला मागवा, आणि दोन्ही आकड्यांतला फरक कशाचा, हे तुमच्या बँकेच्या डीलरला विचारा.