घशाशी आलेले दोन शब्द: गॅग आणि चोक

नमस्कार श्रोतेहो.

थंडीत स्कूटर किका मारूनही सुरू होईना की चोक ओढायचा, हे चेतकवर ज्यांनी संसार केला त्यांना सांगायला नको. ट्यूबलाइट नुसतीच लुकलुकायला लागली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "चोक गेला." मोरीत पाणी साचलं की "पाइप चोक झाला." कार्ब्युरेटरमध्ये चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ट्यूबलाइटमध्ये तो विजेचा प्रवाह आवरून धरतो. पाइपात पाणीच थांबतं. म्हणजे इंग्रजीशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही या शब्दाचा गाभा बरोबर कळलेला आहे: वाट अडली. क्रिकेटवाल्यांना तर आणखी एक चोक माहीत आहे. १९९९च्या विश्वचषकात एजबॅस्टनला दक्षिण आफ्रिकेचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि संघ बाहेर पडला, तेव्हापासून 'चोकर्स' हे बिरुद त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

'गॅग' मात्र आपल्या घरात उशिरा आला. वर्तमानपत्रात 'गॅग ऑर्डर' वाचतो, म्हणजे अमुक गोष्टीवर बोलू नका, छापू नका असा न्यायालयाचा आदेश. इंग्रजीत तोंडात कोंबायच्या बोळ्यालाही गॅग म्हणतात, आणि विनोदी नाटकातल्या छोट्या करामतीलाही. दातांच्या दवाखान्यात माप घेताना डॉक्टरांचं बोट जिभेच्या मुळाशी गेलं की पोटातून ढवळून येतं, तोही गॅगच.

आता हे दोन्ही शब्द एका दमात ऐकू येतात ते तरुण आईबाबांच्या तोंडून. बाळाला वरचं अन्न सुरू केलं की मोबाइलवर व्हिडिओ पाहिले जातात. मग दवाखान्यात येऊन सांगतात, "डॉक्टर, काल बाळाला चोकिंग झालं." काय झालं नेमकं, विचारलं की सांगतात: लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी आलं, जीभ बाहेर काढली, ओ-ओ केलं, आणि गाजराचा तुकडा बाहेर पडला. माझं काम कान-नाक-घशाचं, म्हणून हे वर्णन मला नेहमी ऐकायला मिळतं. आणि दर वेळी मी सांगतो की हे चोकिंग नव्हतं. बाळाच्या घशाने आपलं काम चोख केलं.

आपल्या मराठीत याला उमासा म्हणतात. आजीच्या पिढीला हा शब्द सहज येतो. "सकाळपासून नुसते उमासे येताहेत," असं त्या म्हणतात. जिभेचं मूळ, पडजीभ, घशाची मागची भिंत यांना काही नकोसं टेकलं की मेंदूतून निघणाऱ्या नवव्या आणि दहाव्या नसांच्या जोडीने घसा आवळून येतो आणि ती वस्तू पुढे ढकलली जाते. हा गॅग. सगळ्यांचा सारखा नसतो. धडधाकट मोठ्या माणसांत साधारण तिघांपैकी एकाच्या घशाला मागून स्पर्श केला तरी काहीच होत नाही, आणि त्यांचं काही बिघडतही नाही. उलट सहा-सात महिन्यांच्या बाळात उमासा उठवणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते. म्हणून चमचा नुसता मध्यावर टेकला तरी ते ओ करतं. महिने जातात तशी ती जागा मागे सरकते. मऊ भाताचा पहिला घास बाहेर आला म्हणून बाळाला भात सोसत नाही असं ठरवून पुन्हा दुधावर आणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्याची गरज नसते. आवाज येतोय, श्वास चाललाय, रंग लाल आहे, तर समोर बसा, हात मागे ठेवा आणि बघा. त्या वेळी तोंडात बोट घालून घास काढायला गेलात, तर तोच घास मागे सरकायची भीती.

खरा चोक आवाज करत नाही.

हे एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी माझी आजची पाळी सार्थकी लागली. घास, शेंगदाणा, द्राक्ष, जे काही असेल ते स्वरयंत्राच्या तोंडाशी किंवा खाली श्वासनलिकेत घट्ट बसलं की हवा आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. रडणं नाही, खोकला नाही, "पाणी द्या" म्हणणं नाही. मूल तोंड उघडतं आणि त्यातून काहीच निघत नाही. मोठा माणूस दोन्ही हात गळ्याशी नेतो. ही खूण जगभर तीच. ओठ निळसर पडायला लागतात. प्राणवायू न मिळता मेंदू जेमतेम चार ते सहा मिनिटं तग धरतो. नवजात बाळाच्या श्वासमार्गाची सर्वात अरुंद जागा चार-पाच मिलिमीटरची असते, म्हणजे लिहायच्या पेन्सिलीहूनही बारीक. तिथे अख्खा शेंगदाणा म्हणजे बूचच.

मोठ्यांच्या बाबतीत या गप्पपणाने कसा घोटाळा केला, त्याची अमेरिकेतली एक हकीकत आहे. तिथल्या हॉटेलांत जेवता जेवता लोक एकाएकी कोसळायचे. धडधाकट माणूस, समोर मांसाची बशी, एक शब्द न बोलता खाली पडला. सगळे म्हणायचे, हृदयविकाराचा झटका. शवविच्छेदनात मात्र घशात न चावलेला मांसाचा तुकडा सापडायचा. १९६३मध्ये फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने याला 'कॅफे कोरोनरी' असं नाव दिलं, म्हणजे हॉटेलातला हृदयविकार, जो हृदयाचा नव्हताच. अकरा वर्षांनी, १९७४मध्ये, सिनसिनाटीचे छातीचे शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी पोटाला वर-आत झटका देण्याची पद्धत मांडली. फुप्फुसात उरलेल्या हवेचाच दाब वापरून अडकलेलं बाहेर उडवायचं, ही त्यामागची युक्ती. प्रयोग त्यांनी कुत्र्यांवर केले होते.

हाइमलिक हट्टी गृहस्थ. पाठीत धपाटा घालणं म्हणजे मरणाला बोलावणं, असं ते जन्मभर म्हणत राहिले, आणि १९८५मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनेही, म्हणजे तिथल्या सरकारच्या आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टरनेही, त्यांचीच बाजू घेतली. पण पाठीचे धपाटे कायमचे गेले नाहीत. २००६मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने ते परत आणले, आणि २०२५च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांतही मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी आधी पाच धपाटे, मग पोटाला पाच झटके, असाच क्रम आहे. हाइमलिकना याची चीड आली असती. त्यांच्या बाबतीत एक गंमत मात्र खरी घडली. २०१६च्या मे महिन्यात, वयाच्या ९६व्या वर्षी, ते राहत होते त्या वृद्धांच्या वसतिगृहात शेजारी जेवणाऱ्या एका ८७ वर्षांच्या बाईंचा घास अडकला आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तो काढला. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.

धपाट्यांचा वाद अमेरिकेत पन्नास वर्षांचा असेल. आपल्याकडे मात्र तो उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात, २७व्या अध्यायात, घशात अडकलेल्या गोष्टींचा विचार आला आहे. तिथे हाड अडकलं तर वेगळा उपाय आणि घास अडकला तर वेगळा. घासासाठी सांगितलंय की माणसाला कळू न देता, बेसावध असताना, खांद्यावर मूठ मारा. किंवा तेल, मद्य, पाणी प्यायला द्या. पाण्याचा भाग आज मी श्वास अडलेल्याला मुळीच सांगणार नाही. सुश्रुताच्या मनात बहुधा अन्ननलिकेत बसलेला घास असावा. तो वेगळा प्रकार.

त्याला मराठीत सुंदर शब्द आहे: तोठरा. कोरडी भाकरी, सातू, भाजलेलं रताळं घाईने खाल्लं की छातीत घास बसतो, डोळे पांढरे होतात, पण माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. घास अन्ननलिकेत आहे, श्वासाच्या वाटेवर नाही. ठसका आणखी वेगळा. चहाचा घोट चुकून वाट चुकला आणि खोकला उसळला. हवा येतेजाते, खोकला जोरदार. इंग्रजीत या सगळ्याला सर्रास 'चोक' म्हणून टाकतात, चहाच्या ठसक्यालासुद्धा. मध्ययुगीन इंग्रजीत तर 'गॅग'चाही अर्थ गळा दाबणं, गुदमरवणं असाच होता. हा शब्द त्या आवाजावरून पडला असावा असं कोशकारांना वाटतं. म्हणजे जी गल्लत आज पालक करतात ती त्या भाषेने स्वतःच आधी करून ठेवली आहे. आपल्याकडे उमासा, ठसका, तोठरा, गुदमरणं असे चार शब्द चार जागांसाठी तयार असताना आपण घाबरलो की सगळ्याला एकच म्हणतो, "अडकलं!" दवाखान्यात फोन करताना या चारांतलं कुठलं ते सांगितलंत तर ऐकणाऱ्याचं निम्मं काम होतं.

ठसका लागलेल्या मुलाच्या टाळूवर थापट्या मारत "वर बघ, चिमणी बघ" म्हणायची आपली पद्धत मला लाडकी आहे, पण ती सोडा. मान मागे गेली की खोकून बाहेर टाकायला पुढे झुकायला हवं, तेच राहून जातं. खोकला जोरात आहे तोवर मुलाला खोकू द्या; त्याहून चांगला उपाय तुमच्या हातात नाही.

खोकला बंद पडला, आवाज गेला, की मात्र थांबू नका. एक वर्षावरच्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला पुढे वाकवा, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरकस धपाटे. निघालं नाही तर मागे उभे राहून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असे पाच झटके. पुन्हा धपाटे, पुन्हा झटके. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटाला झटका कधीच नाही. त्याच्या पोटातले अवयव नाजूक असतात. त्याला पालथं हातावर घ्या, डोकं खाली, पाच धपाटे. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पाय धरून उलटं लटकवू नका. तोंडात बोट फक्त तेव्हाच, जेव्हा वस्तू डोळ्यांना दिसते आहे. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ला फोन. माणूस बेशुद्ध झाला तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची.

कोकणातल्या श्रोत्यांच्या मनात माशाचा काटा आला असेल. तो बहुतेकदा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. गिळताना टोचतो, उमासे येतात, पण श्वास अडत नाही. भाताचा मोठा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा घरगुती उपाय कधी कधी साधतो, कधी काटा आणखी खोल घुसवतो. दवाखान्यात चांगला उजेड आणि चिमटा असेल तर तो बहुधा दोन मिनिटांचा मामला.

मुलांत अडकणाऱ्या वस्तूंत आपल्याकडे शेंगदाणा पहिला. मग सीताफळाची बी, चिंचोका, सुपारीचं खांड, आणि हल्ली खेळण्यातले बारीक दिवे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका. सुदैवाने आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट असतंच, ते घाला हवं तेवढं. द्राक्षं उभी चिरून द्या. आणि धावत्या मुलाच्या मागे घास घेऊन फिरणं बंद करा. ते हसत असताना घास भरवणं तर त्याहून.

एक गोष्ट शेवटी सांगायची राहते, कारण ती चोक आणि गॅग या दोन्हींच्या फटीतून निसटते. कधी कधी दाणा स्वरयंत्राशी थांबत नाही, खाली उतरतो. मूल दोन-तीन मिनिटं जोरात खोकतं, मग अचानक शांत होतं. घरचे म्हणतात, गेलं पोटात. गेलेला असतो तो उजव्या फुप्फुसाच्या नळीत, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि जास्त सरळ असते. पुढे काही आठवडे खोकला, ताप, एका बाजूने घरघर. औषधं चालतात, दमा म्हणून, न्यूमोनिया म्हणून. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, आणि त्याच्या तेलाने नळीचं आतलं अस्तर सुजत राहतं. तो काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. आमच्याकडे ही मुलं पोचतात तेव्हा बऱ्याचदा घरच्यांना तो दिवसच आठवत नसतो. म्हणून मुलाचा खोकला हटत नसेल आणि डॉक्टरांनी विचारलं नसेल, तरी तुम्ही होऊन सांगा: अमुक दिवशी दाणे खाताना याला ठसका लागला होता.