घेरियाची गोदी

विजयदुर्गाला आलेला माणूस आधी तटाकडे बघतो. साहजिकच आहे. तीन बाजूंना समुद्र, एकामागे एक तटांच्या तीन रांगा आणि भरतीच्या लाटा थेट पायथ्याशी. पण आरमाराचा तळ म्हणून ही जागा ओळखायची, तर किल्ल्याकडे पाठ करून वाघोटणच्या खाडीत शिरावं लागतं.

खाडी आत वळते. वारा पडतो, पाणी संथ होतं. रामेश्वर गावाजवळ दिसते ती खडक फोडून केलेली गोदी, लांबी सुमारे १०९ मीटर. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की कामाला लागायचं. लाकडी जहाजाचा खरा वैरी तोफेचा गोळा नव्हे, फळ्या आतून पोखरणारा समुद्रातला किडा. त्यात बुडाला शिंपल्यांचा थर चढला की जहाज जड होतं, पळत नाही. बूड खरवडणं, फळ्या बदलणं दरवर्षीचं. हे काम घरच्या घरी उरकता आलं, तरच पावसाळा सरल्यावर आरमार दर्यावर दिसणार.

किल्ला मुळात शिलाहारांचा मानतात. गिर्ये गावावरून नाव पडलं घेरिया. आदिलशाहीकडून घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्याचा विजयदुर्ग केला. त्याचा दरारा बसला तो मात्र आंग्र्यांच्या काळात. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजींच्या गुराबा ही मोठी लढाऊ जहाजं, दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर तोफा रोखलेली. गलबतं लहान, वल्ह्यांवरही चालणारी. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढत न्यायची आणि जागीच अडकलेल्या परक्या जहाजाला पिछाडीकडून गाठायची. तिकडे त्याच्या तोफा थोड्या. १७२० मध्ये इंग्रज इथून हात हलवत परतले, १७२४ मध्ये डच. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचे! स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना, मागितला तर चाचेगिरी, आणि सात समुद्रांपलीकडून येऊन परवाने वाटले तर व्यापार.

मग १७५६ चा फेब्रुवारी.

कान्होजींचे पुत्र तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं होतं. पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून मराठी फौज आली, समुद्रातून ॲडमिरल वॉटसन आणि त्याच्यासोबत रॉबर्ट क्लाइव्ह. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. तुळाजींनीच इंग्रजांकडून धरून आणलेलं हे जहाज. ते पेटलं. शेजारी गुराबा एकमेकींना बांधून नांगरलेल्या. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि आंग्र्यांचं आरमार खाडीच्या तोंडाशीच जळालं. तट जागेवर उभा होता. तुळाजींचं पुढचं आयुष्य कैदेत गेलं.

याला मुत्सद्देगिरी म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. घरातलं भांडण होतं, ते घरात मिटवता आलं असतं. गुराबा पुन्हा बांधायला वर्षं लागतात, आणि त्या चालवणारे तांडेल घडायला त्याहून जास्त.

त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला. इथंच त्यांचा आरमारी सुभा बसला आणि गोदीत पुन्हा हातोडे वाजू लागले. १७८३ मध्ये पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमारानं ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज भरसमुद्रात गाठलं. १८१८ ला पेशवाई गेली, आणि विजयदुर्गही.

किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. हेलियमचा शोध इथंच लागला, असंही सांगतात. हा साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. तो इथं आला हे खरं, पण १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा त्यानं पाहिली १८६८ मध्ये, इंग्लंडातून.

आज जेट्टीवर मासेमारीच्या नौका लागतात. गोदीकडे क्वचितच कुणी वळतं. पण वादळाचा बावटा लागला की नौका भराभर माघारी फिरतात आणि किल्ल्याला वळसा घालून याच खाडीत शिरतात.